दीड वर्षाच्या लेकीची परीक्षा

आधी तिचं सांगते, मग काय झालं ते. काय झालं ते सांगायला लागले की मी अजून घाबरते आणि मधलंच काहीतरी गाळते. पण जिच्यामुळे माझ्या लेकीचे कान वाचले तिलाच गाळलं तर कसं चालेल?

साकीनाक्याच्या आमच्या चाळीत तिला सगळे ठोकळेवाली आंटी म्हणायचे. वय पंचावन्नच्या पुढे. अंधेरीच्या एका जुन्या गावठणात राहणारी, तिथल्याच बालवाडीत वीसेक वर्षं शिकवलेली. बालवाडी बंद झाल्यावर ती लहान मुलांवर संशोधन करणाऱ्या लोकांकडे कामाला लागली. मुलं कशी वाढतात, कधी बोलतात, कितीदा पडतात, कितीदा जुलाब होतात, सगळं ते लोक घरोघर जाऊन लिहून घेतात. आमच्याकडे ती दर तीन महिन्यांनी यायची. खांद्याला कापडी पिशवी, पिशवीत वजनकाटा, दंड मोजायची पट्टी, खुळखुळा, चित्रांचं पुस्तक आणि दहा लाल ठोकळे. दाराशी चपला काढतानाच विचारायची, "काय गो, कशी हाय माझी राणी?"

त्या 'गो'नेच मी पहिल्या दिवशी विरघळले. माझं माहेर, सासर दोन्ही कुडाळच्या आतल्या अंगाला. आमच्याकडे बाईला हाक मारायची तर 'गो' म्हणूनच. लग्न होऊन इथे आल्यापासून मी कुणाची 'अगं', कुणाची 'ओ भाभी'. गावापासून इतक्या लांब, आणि तेही चर्चला जाणारी, फ्रॉक घालणारी बाई मला 'गो' म्हणेल असं कधी वाटलं नव्हतं. त्यामुळे तिने कागद पुढे केला तेव्हा मी न वाचताच सही करायला निघाले.

तिने पेन मागे ओढलं. "थांब. आधी ऐक. नको वाटलं तर नाय म्हण, मी रागावणार नाय."

मग तिने चार पानं वाचून दाखवली. मी मान हलवत होते, पण माझं डोकं एकाच शब्दाला अडकलं होतं. चाचणी.

आता माझं सांगायला हवं. मी आठवीत शाळा सोडली. गणितात नापास झाले आणि वडील म्हणाले, "पुरे झाला. आता घराक बसांदे तिका." आमचे गुरुजी वाईट नव्हते, पण त्यांची एक खोड होती. चाचणीच्या आधी म्हणायचे, "घाबरू नका, साधी चाचणी आहे," आणि नंतर मार्क वाचायचे ते खालून वर. माझं नाव लवकर यायचं. त्यामुळे आंटी जेव्हा म्हणाली, "परीक्षा नाय गो ही, यात पास-नापास काय नसतं," तेव्हा मला वाटलं, हो, गुरुजी पण असंच म्हणायचे.

त्या पहिल्या वेळी लेक सव्वा वर्षाची होती. आंटीने दोन ठोकळे एकावर एक ठेवून दाखवले आणि बाकीचे तिच्या पुढे सरकवले. लेकीने एक तोंडात घातला. चित्रांचं पुस्तक उघडून आंटी म्हणाली, "बॉल कुठाय?" लेकीने पान चाटलं. आंटी हसली आणि तिने काहीतरी लिहिलं. मी मान लांब करून वाचायचा प्रयत्न केला, पण तिचं अक्षर डॉक्टरसारखं.

मग तिने घर बघितलं. पोराला घरात कशाकशापासून धोका आहे, हेही त्यांना लिहायचं असतं. मोरीत भरलेली बादली होती. त्यावर बोट ठेवून ती म्हणाली, "ही अशी नको ठेवू. एवढ्याशा पाण्यात पण पोर बुडतं गो. डोकं खाली गेलं तर पोराला परत उठता येत नाय." विळी भिंतीला उघडी टेकवलेली, फिनेलची बाटली खाली जमिनीवर. मला वाटलं, मी पण नापास.

शेजारच्या वहिनीचा मुलगाही त्याच संशोधनात होता. माझ्या लेकीपेक्षा आठच दिवसांनी मोठा. त्याने म्हणे तीन ठोकळे रचले आणि वर "बॉल" म्हणून दाखवलं. वहिनी साताऱ्याकडची. मनाने मोकळी, पण जीभ अशी की कांदा सोलायला सुरी नको. बाहेरच्या पडवीत कपडे वाळत घालताना मला ऐकू जाईल असं म्हणाली, "आमचा हुशारच आहे गं आधीपासून. तू एक काम कर, तुझीला बदाम भिजवून दे."

संध्याकाळी नवरा गाळ्यावरून आला. साकीनाक्यालाच एका गाळ्यात तो लेथवर काम करतो. मी त्याला पाणी द्यायच्या आधी सांगितलं, "पोरगी मागे पडली."

तो म्हणाला, "मागे कुठे पडणार? आपल्या खोलीत पुढे जायला तरी जागा आहे काय?"

पण बोलतो एक, करतो दुसरं, असा माणूस. दोन दिवसांनी खिशातून रुमालाची पुरचुंडी काढून माझ्यापुढे ठेवली. नायलॉनच्या जाड दांड्याचे उरलेले तुकडे कापून त्याने दहा पांढरे ठोकळे केले होते. कडा इतक्या घासलेल्या की गालाला लावावेत. म्हणाला, "शेटला सांगितलं, पोरीची परीक्षा आहे. शेट म्हणाला, मग कडा नीट मार."

झालं, आमची शिकवणी सुरू झाली. रोज सकाळी भात शिजायला ठेवला की मी लेकीला घेऊन बसायची. ठोकळे ती आठवड्यात शिकली. चार, पाच, एकदा तर सात. हात तिचे बापासारखे, बरोबर मधोमध ठेवणारे. अडलं ते चित्रांशी. "मांजर कुठाय?" असं मी म्हणायची आणि ती नुसती माझ्या तोंडाकडे बघायची. मोठ्याने म्हटलं तरी तेच. एक दिवस वैतागून मी गालांवर बोटांनी मिशा काढून दाखवल्या. तिने ताडकन मांजरावर बोट ठेवलं.

मला इतका आनंद झाला म्हणून सांगू! म्हणजे हिला सगळं येतंय, फक्त आठवण करून द्यावी लागते. मग गाईला मी डोक्यावर दोन शिंगं केली. बॉलला हवेत गोल. चमच्याला हात तोंडाशी. पुस्तकात होती तशी आठ चित्रं मी जुन्या कॅलेंडरवरून आणि बिस्किटाच्या पुड्यांवरून कापून घेतली होती. आठ चित्रं, आठ खुणा. पंधरा दिवसांत लेक एकही चुकेना.

मागून हाक मारली तर ती वळायची नाही, हे मला दिसत होतं. दिसत होतं आणि मी म्हणत होते, हट्टी आहे, बापावर गेलीय. बोलत नव्हती तेही दिसत होतं. सासूबाई फोनवर म्हणाल्या होत्या, "तिचो बापूस तीन वर्सार बोललो." मग मी कशाला काळजी करू? काळजी सगळी चित्रांची होती.

दुसऱ्यांदा आंटी यायची त्या दिवशी मी पहाटेपासून कामाला लागले. बादली, विळी, फिनेल, काडेपेटी, कात्री, जे जे म्हणून तिच्या कागदावर चढेल ते सगळं उचललं आणि वहिनीच्या खोलीत नेऊन ठेवलं. वहिनी रेशनच्या दुकानात गेली होती आणि दार नुसतं ओढून घेतलेलं होतं. आंटी गेली की परत आणायचं, असा विचार. माझ्यानंतर लगेच वहिनीकडेच जाते आंटी, हे माझ्या डोक्यात आलंच नाही.

आंटीने घर बघितलं आणि खूश झाली. "वा गो! ऐकलंस म्हणायचं माझं." मग चटईवर बसली, लेकीला समोर बसवलं. मी कपड्यांच्या घड्या घालायच्या निमित्ताने बरोबर तिच्या पाठीमागे उभी राहिले. लेकीने सहा ठोकळे रचले. मग पुस्तक निघालं.

"मांजर कुठाय?" मी मागे मिशा काढल्या. लेकीने बोट ठेवलं. "बॉल कुठाय?" मी गोल केला. लेकीने बोट ठेवलं. "गाय कुठाय?" मी डोक्यावर शिंगं केली आणि नेमकी आंटी वळली. मी दोन्ही हातांनी डोकं खाजवायला लागले.

"उवा झाल्यात काय गो?"

"हो, जरा."

मग तिने मला उवांवरचं औषध सांगितलं, ते मला लिहून घ्यावं लागलं. आठपैकी आठ बरोबर. "शब्द किती बोलते?" असं तिने विचारलं तेव्हा मी बेधडक म्हटलं, "दहा." बाहेर पडताना लेकीच्या गालावरून हात फिरवून आंटी म्हणाली, "हुशार हाय हां पोर." पण जरा रेंगाळली, लेकीच्या डोळ्यांकडे एकदा नीट बघितलं आणि मग गेली.

दहा मिनिटांत शेजारून आवाज. "दोन विळ्या? माझ्या घरात दोन विळ्या आल्या कुठून? आणि ही बादली माझी नाहीच!" त्यावर आंटीचा शांत आवाज, "विळी कुणाची पण असू दे बाय, पोर तुझंच हाय ना? लिवायला लागणार." थोड्या वेळाने वहिनी दारात. एका हातात माझी विळी, दुसऱ्या हातात फिनेल.

"हे काय गं? तुझी पास करायला माझी वाट लावलीस?"

मी इतकी घाबरले की हसू फुटलं. वहिनी रागाने बघत राहिली, मग तिलाही आवरेना. पुढचा महिनाभर तिच्याकडे कोथिंबीर निवडायला बसावं लागलं मला, तेव्हा कुठे मिटलं.

नवऱ्याने गाळ्यावर पेढे वाटले. "पोरगी पहिली आली." शेट म्हणाला, "अरे वा, कितवीत?"

तिसऱ्या वेळी लेक पावणेदोन वर्षांची होती. मी घड्या घालायला चादरी काढूनच ठेवल्या होत्या. आंटी चटईवर बसली, पिशवी उघडली आणि म्हणाली, "आज तू मागे नको उभी राहू. इकडे माझ्या बाजूला बस."

बसले. हात मांडीखाली घातले, चुकून हलायला नकोत म्हणून. ठोकळे झाले. पुस्तक उघडलं. "मांजर कुठाय?" लेक माझ्याकडे बघत राहिली. आंटी परत म्हणाली, "मांजर कुठाय गो बाय?" लेक उठली. दुडुदुडु माझ्यापाशी आली आणि माझा मांडीखालचा हात धरून ओढायला लागली. मी हात घट्ट दाबून धरलेला. तिने दोन्ही हातांनी जोर लावून तो बाहेर काढला, माझी मूठ एकेक बोट करून उघडली आणि आत बघितलं. आत काहीच नाही म्हटल्यावर तिने तो हात उचलून माझ्या गालावर नेऊन ठेवला.

आंटीने पुस्तक मिटलं. पिशवीतून खुळखुळा काढला, लेकीच्या पाठीमागे गेली आणि वाजवला. आधी हळू. मग जोरात. मग माझ्याच ओट्यावरचं ताट उलथन्याने बडवलं. शेजारून वहिनी ओरडली, "काय झालं गं?" लेक माझ्या बांगड्या फिरवत होती.

"दहा शब्द बोलते म्हणालीस ना? सांग बघू कुठले."

मी बोटं मोजायला लागले. "आई. बाबा. मम्..." तिसऱ्या बोटावर थांबले. आई आणि बाबा पण ती म्हणते की मला तसं ऐकू येतं, तेही कळेना. मला रडायला यायला लागलं. तशीच मी तिला सगळं सांगितलं. मिशा, शिंगं, कॅलेंडरची चित्रं, उवा नव्हत्या तेही. आणि शेवटी म्हटलं, "आंटी, हवं तर मला काढून टाका, पण माझ्या पोरीला नापास करू नका."

"नापास कसली गो?" ती म्हणाली. "शाळा हाय काय ही? नापास झाली असेल तर मी झाले. तीस वर्षं पोरं बघतेय आणि पाठीमागे आई काय करते ते नाय बघितलं." मग माझाच पदर माझ्या हातात देऊन म्हणाली, "डोळे पूस. हे बघ, आम्ही घरोघर कशाला फिरतो? कुठल्या पोराला कधी मदत लागते ते लवकर कळावं म्हणून. तू खोटं सांगितलंस तर तुझ्या पोरीचं कळणार नाय, आणि तिच्यासारख्या दुसऱ्या पोरांचं पण नाय. मला हे वर सांगायला लागेल. मागचा कागद बाद होईल, मला बोलणी बसतील. बसू देत. पण पोरीला कानाच्या डॉक्टरकडे न्यायचं. लगेच."

"बहिरी आहे का ती?"

"ते मी नाय सांगू शकत. मी डॉक्टर नाय."

तेवढं एकच वाक्य तिने गंभीरपणे म्हटलं. संध्याकाळी नवऱ्याला सांगितलं. तो बराच वेळ लेकीच्या मागे उभा राहून तिला हाका मारत होता, प्रत्येक हाक थोडी मोठी. मग खाली बसला आणि म्हणाला, "आता पेढे कसे परत मागू?" म्हणाला हसत, पण जेवला नाही.

हॉस्पिटलात मी एकटी कधी गेले नव्हते. बाळंतपणाला गेले ते सगळे मला उचलून घेऊन गेल्यासारखंच. केसपेपर कुठे काढायचा, कुठल्या खिडकीत, काय बोलायचं, मला ठाऊक नव्हतं आणि नवऱ्याचा खाडा झाला तर शेट दुसरा माणूस उभा करायला टपलेला. आंटीला मी काही म्हटलं नव्हतं. पण मंगळवारी सकाळी साडेसातला ती दारात उभी. "सुट्टी टाकलीय. चल."

रांगेत आम्ही तीन तास होतो. लेक तिच्या मांडीवर. आमचा नंबर लागला तेव्हा आत एक तरुण डॉक्टरीण होती. "काय त्रास आहे?" आणि बघा माझी सवय, मी म्हटलं, "तसं काही नाही, कधी कधी ऐकते ती." आंटीने मला असं कोपर मारलं की बरगडी दोन दिवस दुखत होती. मग मी सगळं सांगितलं. खुणा करून दाखवल्या. डॉक्टरीण शिंगांना हसली, पण लिहिलं तिने सगळं.

तपासणीला पोर झोपलेलं लागतं म्हणाले. तेव्हाच मशीन सांगतं की आवाज आत मेंदूपर्यंत जातो की नाही. "पहाटे उठवा, वाटेत झोपू देऊ नका." आम्ही पहाटे उठवलं. मी आणि आंटी मिळून रिक्षात तिला गुदगुल्या करत होतो, तोंडावर पाणी मारत होतो, रिक्षावाला पण आरशातून वेडावून दाखवत होता. मरोळच्या सिग्नलला झोपलीच. हॉस्पिटलच्या दारात उतरलो तर टक्क जागी, नाचायला तयार. त्या दिवशी परत आलो. दुसऱ्या खेपेला आंटीने तिला छातीशी घेऊन त्यांच्याकडच्या लग्नातलं कसलंसं गाणं म्हणायला सुरुवात केली. लेकीला ऐकू जात होतं की नाही देव जाणे, पण छातीची थरथर तिला कळत असावी, कारण झोपली. तिच्याबरोबर आंटी पण झोपली. मशीनवाला म्हणाला, "आजींना उठवू नका, हलल्या तर मुलगी उठेल." तशीच तपासणी झाली, एक झोपलेली तपासणीला आणि एक अशीच.

मी भिंतीला टेकून उभी होते. गावच्या सगळ्या देवांना नवस बोलून झाले होते आणि कुणाला काय कबूल केलं ते लक्षात राहत नव्हतं.

डॉक्टरीण बाहेर आली. म्हणाली, "आतली नस चांगली आहे."

मी विचारलं, "म्हणजे?"

"म्हणजे कायमची बहिरी नाही. सर्दी होऊन होऊन कानाच्या पडद्यामागे पाणी साठलंय, दोन्हीकडे. पाण्यात बुडी मारल्यावर ऐकू येतं ना, तसं हिला सारखं ऐकू येत असेल. औषध देते, तीन महिने बघू. नाही सुकलं तर छोटं ऑपरेशन करू. आणि कानात तेल घालता का?"

घालत होते. रोज आंघोळीनंतर, कोमट खोबरेल, दोन दोन थेंब. आमच्याकडे न घालणारी आई म्हणजे कैदाशीण. डॉक्टरीण म्हणाली, हे पाणी तेलाने झालेलं नाही, पण कानात तेल नको म्हणजे नकोच. मी आईला फोन करून सांगितलं तर ती तिकडून कडाडली, "तेल घालूक नको म्हणता तो कसलो डॉक्टर? आमी सगळी तेलारच वाढलंव!" मी म्हटलं, तो नाही, ती. त्यावर आईला आणखीच काळजी वाटायला लागली.

तीन महिने गेले. पाणी थोडं कमी झालं, पण राहिलं. ऑपरेशन ठरलं. पडद्याला बारीक भोक पाडून त्यात मोहरीएवढी नळी बसवायची, पाणी वाहून जातं, नळी पुढे आपोआप पडते. सांगायला सोपं. मला तिला भूल देणार या विचारानेच अन्न जाईना. त्या दिवशी नवऱ्याने खाडा केला, शेटला काय बोलायचं ते बोल म्हणाला. वहिनीने आमचाही डबा केला आणि मुलाला घेऊन तीही आली. आणि आंटी आली होती, हातात जपमाळ. लेकीला आत नेलं आणि आम्ही पाच जण बाकावर बसलो, पाचवा वहिनीचा मुलगा, तो सगळा वेळ बडबडत होता. त्याच्या बडबडीचा मला कधी इतका आधार वाटला नव्हता. अर्ध्या तासात संपलं. लेक रडत बाहेर आली. डॉक्टरीण म्हणाली, झकास झालं.

दोन दिवस काही वेगळं दिसलं नाही. नुसती चिडचिड करत होती, कानावर हात ठेवत होती. मी परत घाबरले. तिसऱ्या दिवशी सकाळी मी तिला भात भरवत होते. लेकीची पाठ दाराकडे. बाहेरून वहिनी रोजच्यासारखी ओरडली, "पाणी आलं गं!" नळाला पाणी आलं की पहिली आरोळी तिचीच.

लेकीने मान वळवली.

तोंडातला घास तसाच. दाराकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, परत दाराकडे. मग वहिनीने दुसऱ्या शेजाऱ्यांसाठी परत आरोळी ठोकली आणि लेक उठून दाराकडे पळाली. मी उष्ट्या हाताने तिच्यामागे. वहिनीला म्हटलं, "परत ओरड." ती म्हणाली, "काय?" मी म्हटलं, "ओरड गं, पाणी आलं म्हणून ओरड!" तिला कळलं तशी ती जी ओरडत सुटली, खालच्या मजल्यावरच्या बायकांनी हंडे घेऊन धाव घेतली. खाली पाणी आधी येतं, सगळे भरलेच होते त्यांचे. पण लेक प्रत्येक वेळी वळत होती आणि प्रत्येक वेळी हसत होती.

ती बोलायला लागली ती पंधरा-वीस दिवसांनी. पहिला धड शब्द "पानी". नंतर जे सुरू झालं ते आता थांबत नाही. वरून विमान उतरायला आलं की दोन्ही कान धरून ओरडते, "आवाज!" आमच्या डोक्यावरून दिवसभर विमानं जातात, त्यामुळे दिवसभर ओरडते. गाळ्यावर नेलं तर लेथलाच सांगते, "गप." वहिनी म्हणते, "बरं केलंस, नळ्या घातल्यास. आता एखादं बूच पण मिळतं का बघ."

माझा खोटा कागद बाद झाला. आंटीला वरून बोलणी बसली, हे तिने मला सांगितलं नाही, तिच्याबरोबरच्या मुलीने सांगितलं. तेव्हापासून त्यांच्याकडे एक नवीन नियम झाला. तपासणी चालू असताना आईने तपासणाऱ्याच्या मागे उभं राहायचं नाही, समोर दिसेल असं बसायचं. आठवी नापास बाईमुळे संशोधनात एक नियम वाढला. हे मी नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "वाटू काय पेढे?"

गेल्या महिन्यात लेकीला तीन वर्षं पूर्ण झाली आणि आंटीची आमच्याकडची शेवटची खेप झाली. लेकीने आठ चित्रं स्वतः ओळखली, वर पुस्तकात नसलेली दोन सांगितली आणि आंटीलाच विचारलं, "तुझं नाव काय?" आंटी वजनकाट्यावर वाकली, परत वाकली आणि मग मला म्हणाली, "जरा बघ गो काय आकडा हाय, मला धूसर दिसतंय."

मी आकडा सांगितला. मग तिला खाली बसवलं आणि विचारलं. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू. डॉक्टरने वर्षापूर्वीच काढायला सांगितलाय. मुलगा बोटीवर, सहा-सहा महिने येत नाही. "एकटी कुठे जाऊ? आणि डोळ्याला सुरी लावायची म्हणजे मला भीती वाटते गो," ती म्हणाली. तिला कसली भीती वाटते, हे मी पहिल्यांदाच ऐकलं.

त्या दिवशी हे तिला सांगायचं राहिलं. म्हणून इथे लिहून ठेवते. आंटी, तुम्ही तारीख घ्या. कधीची पण घ्या. मी येईन. तुम्हाला आत नेतील तेव्हा बाहेर बसेन आणि घरी आणल्यावर तुमच्या गावठणात तुमच्याबरोबर पंधरा दिवस राहीन. दिवसातून जितक्या वेळा सांगतील तितक्या वेळा थेंब घालीन, चुलीच्या धुरापासून तुम्हाला लांब ठेवीन, तुमच्या हातच्यासारखी नसली तरी बांगड्याची आमटी करून घालीन. लेक तुमच्या उशाशी बसून बडबडेल, तिला गप करायची जबाबदारी माझी नाही, ती तुमचीच कमाई आहे. मला स्वतःला डोळ्यांच्या वॉर्डची फार भीती वाटते. तरी येईन.